झाकली मूठ आणि माय ताय

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्याने कुणी काढली त्याचा बारटेंडर या जमातीशी कधी संबंध आला नसणार. झाकलेल्या मुठीचं पुढे काय होतं याचं माय ताय या कॉकटेलइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. मूठ सव्वा लाखाचीच होती, वाद नाही. पण ती अठ्ठावीस वर्षं झाकून ठेवली, आणि उघडेपर्यंत बाहेर त्याच नावाने अननसाचं सरबत विकलं जात होतं!

तर मंडळी, या वीकान्ताचा विषय रम. जे घेत नाहीत त्यांनी इतिहास म्हणून वाचावं, जे घेतात त्यांनी लिंबं आणून ठेवावीत. आणि नावावरून कुणाला माय आणि ताई आठवत असतील तर सांगतो, हा शब्द ताहिती बेटावरचा आहे, अर्थ साधारण 'छान', 'उत्तम'. आमच्याकडे पहिल्यांदा हे नाव ऐकल्यावर आईचा चेहरा जो झाला होता तो मात्र मराठीच होता.

आधी माय ताय म्हणून आज जे समोर येतं ते बघू. अमेरिकेत किंवा कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात मागवा. उंच ग्लास, नारिंगी-लाल रंग, अननसाची फोड, लाल चेरी, वर कागदाची छत्री. चव? टेट्रापॅकमधल्या ज्यूसची. रम आहे की नाही ते दुसऱ्या ग्लासानंतर उठून उभं राहिल्यावर कळतं. होनोलुलूतल्या एका हॉटेलात (नाव नको) मी हे प्रकरण चढ्या भावाने प्यायलो आहे. बायको म्हणाली, यापेक्षा आपलं मँगो ज्यूस बरं. बरोबर बोलली.

आता मूळ प्रकरण. व्हिक्टर बर्जेरॉन नावाचा एक गृहस्थ होता. लहानपणी हाडाच्या क्षयाने एक पाय गेलेला, पण गिऱ्हाइकांना सांगायचा की शार्कने खाल्ला. मार्केटिंगवाले जन्मावेच लागतात ते असे. १९३४ साली त्याने ऑकलंडमध्ये सॅन पाब्लो रस्त्यावर छोटं खाणावळवजा दुकान टाकलं, त्याचंच पुढे 'ट्रेडर व्हिक्स' झालं. मी राहतो त्या फ्रीमाँटपासून हे ठिकाण गाडीने फार लांब नाही, त्यामुळे हवाईचं म्हणून मिरवणारं हे पेय खरं म्हणजे आमच्या गल्लीतलं आहे. १९४४ मध्ये व्हिकने तिथे एक नवीन मिश्रण केलं आणि ताहितीहून आलेल्या गिल्ड नावाच्या मित्र-जोडप्याला दिलं. एक घोट घेऊन त्यातल्या बाई ताहिती भाषेत म्हणाल्या, 'माय ताय रोआ ए', म्हणजे 'लई भारी'. झालं बारसं. ही हकिगत स्वतः व्हिकने सांगितलेली आहे.

त्या ग्लासात काय होतं? जमैकाच्या जे. रे अँड नेफ्यू कंपनीची सतरा वर्षं मुरलेली रम, एका ताज्या लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीपासून बनलेली कुरासाओ नावाची मद्यार्कयुक्त गोडी, बदामाचा पाक आणि खडीसाखरेचा पाक. बस. अननस नाही, संत्र्याचा रस नाही, लाल रंग नाही, छत्री तर नाहीच. पाच गोष्टी, आणि त्यातल्या चारांचं काम एकच. सतरा वर्षांच्या त्या रमला पुढे करून आपण मागे उभं राहायचं. उत्तम साथीदार गायकाच्या मागे बसतो तसं.

मग हे असं असताना अननस घुसला कुठून?

इथे दुसरा एक गृहस्थ येतो. अर्नेस्ट गँट, जो पुढे डॉन बीच या नावाने प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ ला उठली आणि लगोलग या माणसाने हॉलिवूडमध्ये बांबू, माडाच्या झावळ्या आणि रमचं दुकान मांडलं. दक्षिण समुद्राच्या नावाने जे काही अमेरिकन लोक पीत आले त्याचा हा मूळपुरुष. व्हिकने १९३७ च्या सुमारास त्याचं दुकान पाहिलं आणि घरी येऊन आपल्याही दुकानात झावळ्या लावल्या.

डॉनची खासियत म्हणजे गुप्तता. आपले बारटेंडर पळवले जातील आणि त्यांच्याबरोबर रेसिपी जातील ही भीती. म्हणून त्याने बाटल्यांवरची लेबलंच काढून टाकली. बारटेंडरच्या हाती जो कागद असायचा त्यात लिहिलेलं, अर्धा औंस 'डॉन्स मिक्स', अमुक थेंब 'स्पाइसेस नंबर ४'. त्या बाटलीत काय आहे ते ओतणाऱ्यालाच माहीत नाही! आमच्या धंद्यात याला बायनरी देणं आणि सोर्स न देणं म्हणतात. बारटेंडर दुसऱ्या दुकानात गेला तरी कागद कोरा असल्यासारखाच.

आणि चोरी थांबली का? अजिबात नाही. डॉनचं १९३४ चं 'झाँबी' नावाचं पेय इतकं गाजलं की १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात दुसऱ्याच माणसाने ते विकलं. डॉनकडे गिऱ्हाईकाला दोनपेक्षा जास्त झाँबी मिळत नसत एवढं ते तेज. नक्कल करणाऱ्यांना नाव माहीत होतं, ग्लास माहीत होता, 'दोनच मिळतात' ही जाहिरात माहीत होती. आत काय आहे ते तेवढं माहीत नव्हतं. मग ज्याने त्याने अंदाजाने रम, रस आणि साखर ओतली. म्हणजे गुपिताने चोराला अडवलं नाही, फक्त चोरीचा माल निकृष्ट केला. आणि गिऱ्हाईकाने तो निकृष्ट माल पिऊन मूळ नावालाच शिव्या घातल्या.

व्हिकनेही हाच धडा गिरवला. १९४७ मध्ये त्याने बारटेंडरांसाठी जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात शेकड्याने पेयं आहेत. माय ताय नाही. स्वतःच्या पुस्तकातून स्वतःचं सगळ्यात गाजलेलं पोर वगळलं! १९५३ मध्ये त्याने हे पेय हवाईत, मॅटसन जहाज कंपनीच्या हॉटेलांमध्ये नेलं. पर्यटकांनी डोक्यावर घेतलं, आणि बेटावरच्या प्रत्येक बारला आपल्याकडे माय ताय हवीच असं झालं. रेसिपी कुणाकडे नाही. हवाईत अननस मुबलक, पर्यटकाला गोड आवडतं, बदामाचा पाक कुणाला माहीतच नाही. बाकीचं तुम्हीच जुळवा. विमानांनी येणाऱ्या लाखो लोकांनी जी पहिली माय ताय प्यायली ती हीच, आणि तीच चव डोक्यात घेऊन ते घरी गेले. नाव तेच राहिलं, आतला माल पूर्ण बदलला. इंटरफेस तोच आणि इम्प्लिमेंटेशन भलतंच, आणि टेस्ट लिहिलेल्या नाहीत म्हणून कुणाला पत्ता नाही.

पुढे तर हे पेय मुळात कुणी काढलं यावरच भांडण लागलं. डॉनचं म्हणणं, माझ्या एका जुन्या पेयावरून ते उचललं. १९७० च्या सुमारास प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं आणि बाहेरच मिटलं. व्हिक इतका भडकला की हे पेय माझं नाही म्हणणाऱ्याला त्याने जाहीरपणे घाणेरडा माणूस ठरवलं. आणि मग, १९७२ च्या सुधारित पुस्तकात, एकदाची रेसिपी छापली. अठ्ठावीस वर्षांनी. तोवर वरात पुढे निघून गेली होती.

डॉनची गत आणखी वाईट. त्याच्या मूळ झाँबीची रेसिपी जगाला मिळाली ती २००७ साली. जेफ बेरी नावाच्या संशोधकाने अनेक वर्षं जुन्या बारटेंडरांना गाठून, डॉनकडे काम केलेल्या एका वेटरची १९३७ ची खिशातली वही मिळवून, त्यातली सांकेतिक नावं एकेक करून सोडवली. 'डॉन्स मिक्स' म्हणजे काय निघालं माहीत आहे? दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक. 'स्पाइसेस नंबर ४' म्हणजे? दालचिनीचाच पाक. अहो, ही काय अणुबॉम्बची माहिती होती? आपल्याकडे कुणाही मावशीने एक घोट घेऊन सांगितलं असतं, दालचिनी आहे म्हणून!

आता यावर दोन आक्षेप येणार, आणि दोन्ही बिनतोड वाटतात.

पहिला, धंदा आहे बाबा, गुपित नको तर काय चव्हाट्यावर मांडायचं? मान्य. पण गिऱ्हाईक व्हिककडे जात होतं ते त्याच्या जागेसाठी, बडबडीसाठी, सतरा वर्षांच्या रमसाठी. बदामाचा पाक पडतो हे कळल्यावर किती जण घरी जाऊन बदाम सोलणार होते? मुंबईत वडापावची कृती प्रत्येकाला पाठ आहे, म्हणून गाड्या बंद पडल्यात का?

दुसरा आक्षेप जास्त चांगला आहे. उघड ठेवलेलं तरी शुद्ध कुठे राहतं? डाकिरीच घ्या. रम, लिंबू, साखर, एवढंच. क्युबात डाकिरी गावाजवळच्या लोखंडाच्या खाणीवर काम करणाऱ्या जेनिंग्स कॉक्स या अमेरिकन इंजिनियरने (आपल्याच जातीचा!) १९०० च्या आगेमागे ती कागदावर लिहून ठेवली. तरीसुद्धा पुढे मिक्सरमधली स्ट्रॉबेरीची गोड बर्फाळ लापशी डाकिरी म्हणून विकली गेलीच. खरं आहे. उघडेपणाने बिघडणं थांबत नाही. पण फरक असा की डाकिरीला परतीची वाट होती. ज्याला मूळ चव हवी त्याने मागे जावं, कागद वाचावा, तीन वस्तू आणाव्यात. झाँबीला ती वाट सत्तर वर्षं नव्हती. लिहून ठेवण्याचा उपयोग एवढाच, आणि एवढा पुरे आहे. चुकीच्या आवृत्त्या येणारच, पण मागची चालणारी आवृत्ती कुठेतरी जपलेली असावी.

बदल हा गुन्हा नव्हेच. ती सतरा वर्षांची रम काही वर्षांत संपली, तेव्हा खुद्द व्हिकने जमैका आणि मार्टिनिक या दोन बेटांच्या रम मिसळून जवळची चव साधली. चांगला बदल होता. कशाच्या जागी काय आणि कशासाठी, हे ठाऊक असलेल्या माणसाने केलेला.

असो. फार झालं तत्त्वज्ञान. घरी कशी करायची ते सांगतो, कारण माझं मत असं की माय ताय ही आज घरीच प्यायची गोष्ट आहे. बारवाल्याला रोज बदाम भिजत घालायला परवडत नाही, आपल्याला रविवारी परवडतं.

बदामाचा पाक. फ्रेंचमध्ये 'ओर्झा', मुळात जवाच्या पाण्यापासून आलेला शब्द. जव गेले, बदाम राहिले. आपल्या थंडाईची लांबची बहीण समजा, मसाला न घातलेली. दीडशे ग्रॅम बदाम रात्री भिजवा, सकाळी साल काढा. ३०० मिली पाण्यात वाटा, दोन-तीन तास तसंच ठेवा आणि मलमलच्या कापडातून पिळून घ्या. जेवढं दूध निघेल तेवढ्याच वजनाची साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळू द्या. उकळू नका, फाटल्यासारखं होतं. थंड झाल्यावर संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे तीन-चार थेंब. तो अर्क इराणी, अरबी सामानाच्या दुकानात मिळतो. नाही मिळाला तर गुलाबपाण्याचे दोन थेंब चालतील. केवडा मात्र नको, माय ताय प्यायल्यासारखं न वाटता लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकतो. वर-खाली वेगळा होतो, हलवून घ्यायचा. उरलेल्या चोथ्याचा आईने शिरा केला होता, झकास झाला होता.

खडीसाखरेचा पाक. नाव ऐकून घाबरू नका. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, गरम करून विरघळवा आणि एकतारी पाकाच्या बरंच अलीकडे थांबा.

लिंबू. अमेरिकेतल्या दुकानात हिरवं, गुळगुळीत, बी नसलेलं जे मिळतं ते पर्शियन लिंबू. आपलं कागदी लिंबू ते मेक्सिकन दुकानात मिळतं, छोटं आणि जास्त आंबट. दोन्ही चालतात, आपलं घेतलंत तर रस किंचित कमी. एकच नियम, लिंबू त्याच वेळी पिळायचं. बाटलीतला रस वापरणार असाल तर हा लेख इथेच बंद करा, आपली मैत्री राहील.

कुरासाओ. नाव कॅरिबियन समुद्रातल्या बेटाचं, चव कडवट संत्र्याच्या सालीची. निळ्या रंगाची मिळते ती नको, रंगाशिवाय त्यात वेगळं काही नाही आणि ग्लास फिनाइलसारखा दिसतो. चांगल्या प्रतीची कुठलीही संत्र्याची लिक्युअर चालेल.

रम. इथे कंजूषपणा नको. उसाचा रस आटवून साखर काढली की खाली जी काळी मळी उरते त्यापासून रम होते, हे सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना मी सांगायला नको. जमैकाची खासियत तांब्याच्या जुन्या भट्टीत आणि लांबवलेल्या आंबवण्यात आहे. त्यातून पिकलेल्या केळ्यासारखा, अननसासारखा एक उग्र वास येतो. म्हणजे गंमत बघा, मूळ माय तायमध्ये अननसाचा भास होता तो रममधून येणारा. नकलाकारांनी खराच अननस ओतला! मुरलेली जमैकन रम मिळाली तर उत्तम. अर्धी जमैकन, अर्धी मार्टिनिकची मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आणि हो, तो प्रश्न येणारच, ओल्ड मंक चालेल का? १९५४ पासून आपल्या किती पिढ्यांना हिने सांभाळलं, तिच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण तिच्यातला व्हॅनिलाचा गोडवा बदामावर बसतो आणि बदाम दिसेनासा होतो. खडीसाखरेचा पाक वगळून करून बघा, पेय चांगलं होतं. फक्त त्याला माय ताय म्हणू नका. दुसरं नाव द्या आणि काय घातलंत ते लिहून ठेवा. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता प्रमाण, एका ग्लासाचं.

रम ६० मिली.
ताज्या लिंबाचा रस ३० मिली (कागदी लिंबू असेल तर २५).
कुरासाओ १५ मिली.
बदामाचा पाक १५ मिली.
खडीसाखरेचा पाक साडेसात मिली, म्हणजे दीड छोटा चमचा.

बर्फ स्वच्छ पंचात बांधून लाटण्याने फोडा. (शेजारी खाली राहत असतील तर आधी कल्पना द्या.) घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सगळं घाला, शेकर विकत घ्यायची गरज नाही. डबा बाहेरून गारठून हाताला चिकटायला लागेपर्यंत हलवा, दहा-बारा सेकंद. बर्फासकट ग्लासात ओता. पिळलेल्या लिंबाची अर्धी साल पालथी टाका आणि शेजारी पुदिन्याची काडी खोचा. साल म्हणजे बेट, काडी म्हणजे माड. पुदिना शोभेचा नाही. घोट घेताना नाक त्यात जायला हवं, म्हणून काडी आधी तळहातावर एकदा आपटायची.

पहिला घोट आंबट, मग रम, आणि गिळल्यानंतर मागून बदाम. तो मागून येणारा बदाम आला की जमलं समजा.

हे सगळं मिलीमध्ये मोजून का लिहिलं, याला कारण आहे. ते जरा घरचं आहे.

आमच्या घरात दारू होती आणि नव्हती. बाबांची बाटली कोठीच्या खोलीत गव्हाच्या डब्यामागे असायची, मिलिटरी कँटीनमधून एका मित्राने आणून दिलेली रम. पाहुण्यांनी विचारलं तर 'छे छे, आपल्याकडे नाही'. शनिवारी रात्री बाबा ओट्यापाशी उभे राहून स्टीलच्या फुलपात्रातून घ्यायचे. फुलपात्र, कारण बाहेरून काही दिसत नाही. मग बडीशेप. आम्ही मुलं हॉलमध्ये टीव्ही बघतोय, आणि आम्हाला काहीच माहीत नाही असं आम्ही चौघेही समजून चालायचो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी डबा गव्हाचा नसेल, तांदळाचा असेल. आणि नुसत्या घरांचं काय सांगू, आपल्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, कागदोपत्री प्यायला परवाना लागतो. दुकानं उघडी, महसूल जोरात, आणि तरी सगळे गव्हाच्या डब्यामागे.

बाबांचं निभावलं. मोठ्या काकांचं नाही. त्यांचीही पद्धत तीच, फक्त शनिवारचे सगळे वार झाले. पोट फुगून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, 'रोज किती घेतात?' घरातली सहा माणसं तिथे उभी होती. काकू, दोन्ही चुलतभाऊ, बाबा, आई, मी. एकालाही उत्तर माहीत नव्हतं. काकांना स्वतःला माहीत नव्हतं. त्यांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली, एवढी. डॉक्टरांनी विचारलं, 'कुठल्या ग्लासात?' सगळे गप्प. काका त्यानंतर सात महिने होते.

कुणी असं समजू नये की मी म्हणतोय काकांनी माय ताय करून प्यायली असती तर वाचले असते. व्यसन हा आजार आहे, तो उघड्यावर पिणाऱ्यालाही होतो आणि त्याला डॉक्टर लागतो. पण घरातल्या माणसांना निदान मोजता आलं असतं. दोन बोटांची चार बोटं झाली तेव्हा कुणीतरी 'अहो, जास्त होतंय' म्हणू शकलं असतं. जी गोष्ट घरात नाहीच, तिच्याविषयी बोलणार कसं?

मागच्या वर्षी आई-बाबा इथे आले होते. एका रविवारी मी बदाम सोलायला घेतले, बाबा शेजारी येऊन बसले आणि काही न विचारता तेही सोलायला लागले. नंतर मी मापाने रम ओतली तेव्हा त्यांनी ते छोटं माप हातात घेऊन फिरवून पाहिलं. 'हे साठ का?' म्हणाले. मग स्वतःच उठले, आईने प्रवासात बरोबर आणलेलं फुलपात्र घेतलं आणि नळाचं पाणी त्यात आपल्या नेहमीच्या अंदाजाने ओतलं. 'माझा एक पेग एवढा.' ते पाणी आम्ही मापाने मोजलं. पंचाण्णव मिली भरलं. बाबा काही वेळ त्या पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, 'दादाचं फुलपात्र याच्याहून मोठं होतं.'

आई ओट्याशी होती. तिने ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याबरोबर येऊन बसली. प्यायली नाही, तिला वासच सहन होत नाही. बदामाचा पाक आणि लिंबू थंड पाण्यात घालून दिलं, ते आवडलं. (मुलांसाठी आणि न घेणाऱ्यांसाठी हेच करा, सुरेख लागतं.)

म्हणून आकडेही सांगून टाकतो, लपवण्यासारखं काही नाही. वरच्या प्रमाणात रम आणि कुरासाओ मिळून ७५ मिली, दोन्ही चाळीस टक्क्यांची धरली तर शुद्ध अल्कोहोल ३० मिली. म्हणजे पाच टक्क्यांच्या बिअरच्या ३५५ मिलीच्या जवळजवळ पावणेदोन बाटल्या. आपल्या भाषेत एक लार्ज आणि वर पाव. लिंबू-बदामामुळे तो कळत नाही, आणि ज्यूसवाल्या नकलेत तर मुळीच कळत नाही. त्यामुळे एक पुरते. दुसरी घ्यायची तर जेवून, तासाभराने, आणि गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे. आमच्याकडे शनिवारी मित्रमंडळी जमतात तेव्हा प्रमाणाचा कागद फ्रीजवर चुंबकाने लावलेला असतो. ज्याला करायची त्याने वाचून करावी आणि किती झाल्या ते त्याच कागदावर रेघ मारून लिहावं. पहिल्यांदा लोक हसले. आता कुणी रेघ मारायला विसरलं तर दुसरा आठवण करून देतो.

डॉन बीचला वाटलं लेबल काढलं की माल सुरक्षित. बाबांना वाटायचं फुलपात्रातून घेतलं की अब्रू सुरक्षित. दोघांच्याही बाबतीत बाटलीत काय आहे आणि किती आहे हे शेवटी त्यांच्या जवळच्या माणसांनाच कळेनासं झालं.

असो. प्रमाण वर दिलेलं आहे. कुणालाही द्या, कुणी बदललं तर काय बदललं ते विचारून घ्या, आणि ओतताना मोजा.